महिन्याचा किराणा मॉलमधून भरताना: आमची नाशिकची पद्धत

पाथर्डी फाट्याच्या आमच्या फ्लॅटच्या माळ्यावर अजून 11 साबण पडून आहेत. मागच्या दिवाळीआधी 'चारावर दोन फ्री' अशी पाटी बघून नवऱ्याने एकदम पाच गठ्ठे उचलले होते. घरात माणसं चार. सासूबाईंनी तेव्हाच विचारलं होतं, "अरे, लग्नघर आहे का आपलं?" जागा नाही म्हणून त्यातले काही साबण तांदळाच्या डब्याशेजारी ठेवले आणि पंधरा दिवस आम्ही चंदनाच्या वासाचा भात खाल्ला.

तेव्हापासून घरचं वाणसामान मी जरा शिस्तीत भरते. सवलतीच्या मोठ्या दुकानात वस्तू स्वस्त मिळतात, यात वाद नाही. पण वस्तू स्वस्त मिळाली म्हणून महिन्याचं बिल कमी येतंच असं नाही. डी-मार्टचं पहिलं दुकान 2002 मध्ये पवईत निघालं, आणि तेव्हापासून ही रीत सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे: माल घाऊक उचलायचा, पुरवठादाराचे पैसे लवकर द्यायचे, सजावटीवर उधळपट्टी करायची नाही, एकेका वस्तूवर थोडंच कमवायचं आणि विक्री भरपूर करायची. या हिशोबात दुकानाचं भलं तुमची ट्रॉली भरण्यात आहे. तुमचं भलं कशात आहे ते तुम्ही घरून ठरवून निघायचं.

आधी डबे, मग यादी

यादी आठवून लिहू नका. स्वयंपाकघरात उभं राहून एकेक डबा उघडा. आठवून लिहिलेल्या यादीत नेहमी जिरे आणि मोहरी असतात, आणि घरी येऊन बघावं तर दोन्हींची फोडलेली पाकिटं आधीच असतात. मी फ्रीजवर एक कागद चिकटवते. जी वस्तू संपत येईल ती ज्याच्या लक्षात येईल त्याने तिथेच लिहायची. महिनाअखेरीला तो कागद आणि डब्यांची फेरी मिळून यादी होते.

यादीत वस्तूच्या पुढे किती हवी ते लिहाच. 'तूरडाळ' एवढंच लिहिलं तर दुकानात गेल्यावर हात मोठ्या पुड्याकडेच जातो. 'तूरडाळ 2 किलो' लिहिलं की प्रश्न मिटतो. आपल्याला महिन्याला किती लागतं हे माहीत नसेल तर नवा पुडा फोडताना त्यावर पेनने तारीख टाका. दोन-तीन महिन्यांत आपोआप कळतं. आम्हाला साखर अडीच किलो लागते असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. तारखा टाकल्यावर ती दोनच किलो लागते असं निघालं.

भाववही

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. एक छोटी वही घ्या, शाळेतली शंभर पानी चालेल. तुमच्या घरात दर महिन्याला येणाऱ्या वीस-पंचवीस वस्तू लिहा आणि प्रत्येकीपुढे तारीख, दुकान आणि किलोचा किंवा लिटरचा भाव. पुड्याची किंमत लिहू नका, किलोचाच भाव लिहा. का, ते सांगते.

बऱ्याच वस्तू ठरावीक वजनाच्याच पुड्यांत विकायच्या, असं बंधन पूर्वी होतं. 2022 पासून ते उठलं. आता 850 ग्रॅमचा पुडा किलोच्या पुड्याशेजारी मांडलेला असतो आणि लांबून दोन्ही सारखेच दिसतात. त्याच्या बदल्यात पाकिटावर एमआरपीजवळ एककाचा भाव छापणं आलं: किलोपेक्षा कमी वजन असेल तर ग्रॅमचा, जास्त असेल तर किलोचा. अक्षरं बारीक असतात, चष्मा लागतो, पण ती वाचा. ग्रॅमचा भाव दिला असेल तर हजाराने गुणा.

यात एक गोम आहे. हा छापील भाव एमआरपीवर काढलेला असतो. दुकान त्यात जी सूट देतं ती त्यात येत नाही. त्यामुळे दोन ब्रँडची तुलना करायची तर फळीवर लावलेली विक्रीची किंमत घ्या आणि भागाकार मोबाईलवर स्वतः करा. समजा, चहाचा 250 ग्रॅमचा पुडा 128 रुपयांना आहे आणि 500 ग्रॅमचा 270 ला. लहान पुडा पडला किलोला 512, मोठा 540. मोठा पुडा स्वस्तच असणार, हा आपला समज आहे, आणि तो दर वेळी खरा निघत नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. साबण, शांपू, टूथपेस्ट, केसांचं तेल 18 टक्क्यांवरून 5 वर आलं. तूप आणि लोणी 12 वरून 5 वर. तुमच्या वहीत त्याआधीचे भाव असतील तर तिथे एक आडवी रेघ मारा. अलीकडच्या-पलीकडच्या भावांची तुलना करून 'किती स्वस्त मिळालं' म्हणण्यात अर्थ नाही.

काय तिथून, काय दुसरीकडून

नाशिकमध्ये राहून सगळंच्या सगळं मॉलमधून आणणं म्हणजे नदीकाठी राहून टँकर मागवण्यासारखं आहे. माझी वाटणी अशी आहे.

मॉलमधून: तेल, साखर, साबण, धुण्याभांड्याची पावडर, टूथपेस्ट, बिस्किटं, चहा, पोहे, रवा, पाकीटबंद डाळी, सॉस, नूडल्स. थोडक्यात, ज्यावर कंपनीचं नाव आणि एमआरपी आहे आणि जे सगळीकडे सारखंच मिळतं. यात दुकानाच्या सुटीचा फायदा थेट कळतो.

कांदा मात्र नाही. लासलगावच्या जिल्ह्यात राहून प्लॅस्टिकच्या जाळीतला किलोभर कांदा विकत घेताना मला लाज वाटते. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा निघतो, तो टिकतो. घरात हवेशीर जागा असेल तर तेव्हाच एक गोणी घेऊन पसरून ठेवा, पावसाळा निघतो. लाल कांदा टिकाऊ नसतो, तो लागेल तसाच घ्यावा. भाजीसाठी बुधवारी गंगेवरचा आठवडे बाजार आहे. (बाहेरच्यांसाठी: नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात.) संध्याकाळी उशिरा गेलात तर भाव उतरतो, पण माल निवडून गेलेला असतो. मी पाचच्या सुमारास जाते.

गहू-तांदळाचं गणित वेगळं आहे. 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर, डाळीवर, पिठावर 5 टक्के जीएसटी आहे, पण तो 25 किलोपर्यंतच्या पॅकिंगवर. समोर मोजून दिलेलं सुटं धान्य आणि 25 किलोच्या वरची गोणी यांवर तो नाही. वर्षाचा गहू उन्हाळ्यात भरणारी घरं अजून आहेत. 30 किलोच्या गोणीत लोकवन किंवा शरबती घेऊन, ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत. दोन खोल्यांत राहणाऱ्यांना ते जमत नाही, तर दोन-तीन घरांनी मिळून एक गोणी वाटून घ्यावी. इंद्रायणी तांदूळ आम्ही घोटीहून आणतो. इगतपुरीकडे कुणी जाणारा असला की आधी फोन करून ठेवायचा. नागली पेठ-सुरगाण्याकडची मिळाली तर मॉलमधल्या पिठाकडे बघूसुद्धा नका.

मसाल्याचं सामान, खोबरं, सुकी मिरची, सुका मेवा यासाठी रविवार कारंजावरची किराणा दुकानं. तिथे वस्तू हातात घेऊन, चुरगळून, वास घेऊन बघता येते. पाकिटातल्या धण्याचा वास घ्यायचा कसा?

भगरीबद्दल मात्र माझं मत उलटं आहे. नाशिक भगरीच्या गिरण्यांचं गाव, तरी भगर मी पाकीटबंद, तारीख बघूनच घेते आणि पीठ तर सुटं अजिबात घेत नाही. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पीठ ओल लवकर धरतं आणि त्यात बुरशी होते. भगर आणायची, निवडायची, धुवायची, पीठ हवं तर लागेल तेवढंच घरी दळायचं.

आणि कोपऱ्यावरचे वाणी? त्यांच्याकडून मी महिन्यात मध्येच लागणारं सगळं घेते. दोन रुपये जास्त पडतात, पण अर्धा किलो साखरेसाठी मॉलमध्ये गेलं की आठशेचं बिल होतं. शिवाय रात्री साडेनऊला पाहुणे आल्यावर दार वाजवायला तेच असतात.

कधी जायचं

एक ते दहा तारखेच्या मधला रविवार टाळा. पगार झालेला असतो, सगळं सिडको, इंदिरानगर, सातपूर एकाच वेळी ट्रॉली घेऊन उतरतं. कामाच्या दिवशी सकाळी दुकान उघडताना किंवा दुपारी दोन ते चार बरं. जेवून जा. भुकेल्या पोटी फरसाणाच्या फळीसमोर यादी कोण वाचतं? मुलांना नेणार असाल तर एकच वस्तू त्यांच्या पसंतीची, हे घरीच ठरवा.

कापडी पिशव्या चार-पाच न्या, त्यातली एक जाड, तेलासाठी. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि काउंटरवर विकत घेतलेल्या पिशव्यांनी आमचं एक कपाट भरलं आहे.

आत गेल्यावर

यादी दुकानाच्या वाटेप्रमाणे लिहा. एकदा-दोनदा गेलात की कळतं कुठे काय आहे. मी धान्य-डाळी, मग तेल, मग साबण-पावडर, शेवटी दूध-दही-पनीर अशी जाते. जड सामान खाली, पोहे-बिस्किटं वर, थंड वस्तू अगदी शेवटी. मुरमुऱ्यांचं पाकीट तांदळाखाली गेलं की त्याचं भडंगही होत नाही. वरच्या मजल्यावर कपडे, बादल्या, डबे असतात. यादीत नसेल तर जिना चढूच नका.

फळीवर डोळ्यांसमोर असतं ते बहुधा महाग असतं. वाकून खालची फळी बघा. दुकानाच्या स्वतःच्या पाकिटातल्या डाळी-साखर तिथेच सापडतात, आणि त्या माझ्या अनुभवात चांगल्या निघतात. पहिल्या वेळी अर्धाच किलो घ्या, शिजवून बघा, मग ठरवा.

तारखेकडे बघताना दोन गोष्टी. नवीन माल मागे आणि जुना पुढे, अशी मांडणी असते, म्हणून हात मागे घाला. दुसरं, 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेपर्यंत चव-दर्जा उत्तम, 'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' म्हणजे त्यानंतर खायचं नाही. मोठी सूट असलेल्या वस्तूची तारीख आधी वाचा, मग सूट.

लेबलवर आणखी एक बघण्यासारखं: 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलं असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं, आइस्क्रीम समजून घेऊ नका.

सुटं धान्य स्वतः भरून घ्यायची सोय असेल तर सासूबाईंची पद्धत सांगते. त्या शेंगदाण्यांच्या पिंपात वरून हात घालत नाहीत, कोपरापर्यंत खाली घालतात. तळातली मूठ वर काढतात, दोन दाणे सोलतात, एक चावतात. त्या दिवशी त्यांनी चावला आणि तोंड वाकडं केलं. "खवट आहे." मी वरचा दाणा चावून बघितला तर ठीक होता. पिंपात नवा माल जुन्यावर ओतलेला होता. डाळीचंही तसंच: मूठ उघडली की तळहातावर पांढरी भुकटी राहिली तर कीड आत आहे. आणि पिशवी काट्यावर ठेवण्याआधी काट्यावर शून्य दिसतंय ना, एवढं बघा.

तेलाचा डबा

याला वेगळी जागा देते, कारण इथे भलेभले चकतात. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात 13 किलो 650 ग्रॅम तेल असतं, आणि 15 किलोच्या डब्यात जवळजवळ साडेसोळा लिटर. दोन्ही डबे शेजारी, दोन्हींवर 15 चा आकडा मोठा.

समजा 15 लिटरचा डबा 2250 ला आणि 15 किलोचा 2400 ला आहे. बघताक्षणी पहिला दीडशेने स्वस्त वाटतो. किलोवर आणा: पहिला पडतो जवळजवळ 165 रुपये किलो, दुसरा 160. महाग दिसणारा डबाच स्वस्त आहे. पिशव्यांतही हेच; 'एक लिटर' आहे की 850 मिलि आहे ते वाचा.

पण डबा स्वस्त पडला म्हणून घ्यायचा का? चार माणसांच्या घरात 15 किलो तेल संपायला तीन महिने जातात. उघडा डबा उन्हाळ्यात तीन महिने ठेवला तर तेल जुनाट लागतं. शिवाय डब्यात तेल भरपूर दिसलं की कढईत पळी मोकळी पडते. आम्ही पाच लिटरच्या कॅनवर आलो आहोत आणि किलोमागचे ते दोन-चार रुपये सोडून दिले आहेत. 'ब्लेंडेड' लिहिलेलं तेल असेल तर कोणतं तेल किती टक्के आहे ते पुढेच छापलेलं असतं. नाव एका तेलाचं मोठ्या अक्षरात, आणि टक्का त्याचा वीस, असं दिसलं तर परत ठेवा.

काउंटरवर

एका दुकानात फळीवर पाच किलो पिठाच्या पुड्यावर 198 ची चिठ्ठी होती. बिलात 231 लागले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, ऑफर काल संपली." मी म्हटलं, "चिठ्ठी आज आहे." नशिबाने मी फळीचा फोटो काढला होता, दुकानातले साहेब आले, फोटो बघितला, 33 रुपये परत दिले. मागे रांगेत दहा माणसं उसासे टाकत होती. तेव्हापासून ऑफरची वस्तू घेतली की फळीचा फोटो काढते, आणि अशा वस्तू पट्ट्यावर सगळ्यात आधी ठेवते म्हणजे पडद्यावर भाव लगेच दिसतो.

मोबाईल नंबर मागतील. द्यायलाच हवा असं नाही. नंबराशिवाय बिल नाकारू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्ये दुकानदारांना बजावलं आहे. "नंबर नाही देत" एवढं हसून म्हटलं की पुरतं. एमआरपीपेक्षा जास्त पैसे लावले, वजन कमी निघालं, तर आधी तिथेच बोला. ऐकलं नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

बिल दाराशी दाखवावं लागतं, त्याआधीच बाजूला उभं राहून एकदा वाचा. एक वस्तू दोनदा स्कॅन होणं हे सगळ्यात नेहमीचं. 'एकावर एक' मध्ये दुसऱ्याचे पैसे वजा झाले का, तेही. मग बिलाचा फोटो काढून ठेवा. तो कागद उष्णतेवर छापलेला असतो, दोन महिन्यांत कोरा होतो आणि वस्तू परत करायची वेळ आली की तुमच्या हातात पांढरी पट्टी उरते.

घरी आल्यावर

दमलेलं असलात तरी अर्धा तास याला द्या. जुना माल वर, नवा खाली. डबा रिकामा करून, पुसून, कोरडा करून मगच भरायचा. तळाशी राहिलेल्या मूठभर जुन्या रव्यातली कीड नव्या किलोभराला लागते. पावसाळ्यात रवा कोरडाच भाजून ठेवा. तूरडाळ जास्त असेल तर एरंडेल तेलाचा हात लावून ठेवावी, शिजवायच्या आधी धुतली की जातं. साबण, अगरबत्ती, डांबरगोळ्या खाण्याच्या वस्तूंपासून लांब. चंदनाच्या भाताबद्दल वर सांगितलंच.

मग चहा ठेवायचा आणि बिल समोर घेऊन भाववहीत आकडे उतरवायचे. यादीत नव्हतं आणि बिलात आलं, अशा ओळींना मी लाल पेनने खूण करते. पहिल्या महिन्यात 1140 रुपयांच्या खुणा निघाल्या. मागच्या महिन्यात 260, आणि त्यातले 180 माझ्याच बदामांचे.

फ्रीजवरच्या कागदावर आत्ता तीन ओळी आहेत. हिंग. काडेपेटी. आणि खाली सासूबाईंच्या टपोऱ्या अक्षरात, दोनदा अधोरेखित: साबण नको.